आठवडाभराचा कागद

आमच्या बेसिनखाली झाकणाची एक बादली आहे. गेली दोन वर्षं ती तिथेच असते. झाकण उघडलं की आत फाडलेले कागद भिजत पडलेले दिसतात. मुलीच्या जुन्या वह्यांची पानं, ऑफिसातून आणलेले पाठकोरे कागद, कुठून कुठून आलेली पाकिटं. येता-जाता बादलीला पाय लागला तर घरातलं कुणीही आता काही न बोलता ती पुन्हा आत सरकवतं. घरी हाताने कागद करायची माझी जी काही मांडामांड आहे, तिच्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही बादली, आणि ती जागेवर यायला चार वर्षं गेली.

चार वर्षं मी जागा शोधत होते. एखादी खोली रिकामी होईल, एखादा आठवडा मोकळा सापडेल, मग सुरू करू, असं चाललं होतं. यादी तयार होती. मोठा टब, लाकडी साचे, दाबायचं यंत्र, वाळवायच्या दोऱ्या. यादीत चूक काहीच नव्हती. चूक माझ्या समजुतीत होती. कागद करणं म्हणजे सकाळी बसायचं आणि संध्याकाळी उठायचं, असं काम मी डोळ्यांसमोर धरलं होतं. आणि सलग आठ तास आमच्या घरात कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. आईच्या औषधांच्या वेळा, मुलीची शाळा, नवऱ्याच्या पाळ्या, माझं ऑफिस. कामं एकमेकांच्या फटींत बसवलेली असतात, तसंच आमचं घर चालतं.

मग एकदा रात्री वहीत दोन रकाने आखले. एकात ‘कागदाचा वेळ’, दुसऱ्यात ‘माझा वेळ’. फाडायला अर्धा तास, तो माझा. भिजायला एक-दोन दिवस, तो कागदाचा. मिक्सरमधून काढायला वीस-पंचवीस मिनिटं माझी. पानं उचलायला तासभर माझा. वजनाखाली एक रात्र कागदाची, वाळायला एक ते दोन दिवस कागदाचे. बेरीज केली तर दहा-बारा पानांमागे माझे हात जेमतेम दोन तास लागत होते, तेही तुकड्यातुकड्यांत. बाकीचा आठवडा कागद स्वतःचं स्वतः बघत होता. मला फक्त तो कुठे ठेवायचा ते ठरवायचं होतं. बेसिनखाली जागा होती.

पुढे जपानमधल्या कागदाबद्दल वाचताना हेच पुन्हा भेटलं आणि मन एकदम हलकं झालं. तिथे हाताने कागद करणं हे पिढ्यान् पिढ्या शेतकरी घरांचं हिवाळ्यातलं काम होतं. शेतातलं आटोपलं की कोझो म्हणजे कागदी तुतीच्या फांद्या तोडायच्या, वाफवायच्या, साल सोलायची, धुवायची, कुटायची, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून हे रेटायचं. थंडीचा उपयोगही होता. गार पाण्यात लगदा लवकर नासत नाही. शिवाय तोरोरो-आओई नावाच्या झाडाच्या मुळांचा चिकट रस पाण्यात घालतात, त्याने तंतू एकसारखे तरंगत राहतात, आणि तो चिकटपणा गारव्यातच टिकतो. या कागदकलेचा समावेश २०१४ मध्ये युनेस्कोने मानवी वारशाच्या यादीत केला. मला त्यातलं मोलाचं वाटलं ते वेगळंच. जगातला बहुधा सगळ्यात देखणा कागद शेतीच्या मोसमातून उरलेल्या दिवसांत तयार होत होता. मोकळा वेळ मिळाल्यावर तो कुणी करायला घेतला नव्हता.

युरोपातल्या जुन्या कागद-गिरण्यांची पद्धत निराळी. तिथे एका टबापाशी तिघं असत. एक जण साचा बुडवून पान उचलणार, दुसरा ते ओल्या लोकरी कापडावर उतरवणार, तिसरा दाबून झालेल्या गठ्ठ्यातून एकेक पान सोडवणार. घरी हे तिन्ही आपणच. त्यामुळे गिरणीची लय घरी आणायला जाऊ नये. दहा पानं झाली की थांबावं.

साहित्याकडे येते. एक हिशेब मला फार आवडतो, कारण त्यामुळे हे काम आवाक्यातलं वाटायला लागतं. प्रिंटरचा नेहमीचा ए-फोर कागद चौरस मीटरला ८० ग्रॅमचा असतो, आणि १६ ए-फोर पानं म्हणजे एक चौरस मीटर. म्हणजे एक पान पाच ग्रॅमचं. त्याच्या निम्म्या आकाराचं, पण दुप्पट जाडीचं पान काढायचं असेल तर तेही पाच ग्रॅमचंच. थोडक्यात, रद्दीतलं एक पान देऊन हातकागदाचं एक लहान, जाड पान मिळतं. लगदा थोडा वाया जातो म्हणून दहा पानांसाठी मी पंधरा कागद भिजवते. दहा लिटरच्या टबाला एवढं पुरतं.

कोणते कागद घ्यायचे याबाबत मी कडक आहे. वर्तमानपत्र नाही. ते लाकूड वाटून केलेल्या लगद्यापासून बनतं. फ्रिडरिश गोटलोब केलर या जर्मन माणसाने १८४४ च्या सुमारास दगडावर लाकूड घासून लगदा करायची रीत काढली आणि कागद स्वस्त झाला. पण त्या लगद्यात लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना एकत्र धरून ठेवणारं द्रव्य, तसंच राहतं. उन्हात ठेवलेलं वर्तमानपत्र पिवळं पडतं ते त्यामुळे. आपण एवढ्या कष्टाने केलेलं पानही तसंच पिवळं पडणार, आणि शाईमुळे आधीच राखाडी दिसणार ते वेगळंच. दुकानातल्या पावत्यांचा गुळगुळीत कागदही नको, त्यावर रसायनाचा थर असतो. चकचकीत मासिकांवर मातीचा लेप असतो, त्यातून तंतू कमी आणि गाळच जास्त निघतो. वह्या, पाकिटं, प्रिंटरचे कागद, पुठ्ठ्याचे साधे डबे, एवढं घरातच इतकं निघतं की बाहेर शोधायला नको.

याच्याही मागे एक गोष्ट आहे, आणि ती मी मुलीला समजावून सांगितली तेव्हाच मला नीट कळली. कागदात डिंक नसतो. तिने विचारलं होतं, “मग चिकटतं कसं?” वनस्पतींचे तंतू सेल्युलोजचे असतात. ते पाण्यात मोकळे होतात, फुगतात, अंगावर बारीक लव यावी तसे विसकटतात. जाळीवर एकमेकांवर पसरतात. मग पाणी निघून जाताना त्यांना जवळ ओढत नेतं, इतकं जवळ की एका तंतूचे रेणू दुसऱ्याच्या रेणूंना धरतात. ही पकड हायड्रोजन बंधांची. पुन्हा पाण्यात टाकलं की ती सुटते, म्हणून तर बादलीतल्या वह्या विरघळतात. चीनच्या दरबारातल्या त्साय लुन यांनी इ.स. १०५ मध्ये सम्राटापुढे कागदाची कृती मांडली, असं तिथल्या जुन्या इतिहासात नोंदलेलं आहे. त्यात झाडाची साल, भांगेच्या झाडाचे धागे, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी होती. त्यांच्याआधीच्या काळातले कागदाचे तुकडेही चीनमध्ये सापडले आहेत, त्यामुळे शोध एकट्याचा म्हणता येत नाही. पण जुनी जाळी! वापरून झिजलेल्या वस्तूपासूनच ही गोष्ट सुरू झाली आहे.

साचा मी फोटोच्या दोन सारख्या चौकटींचा केला. एकीवर खिडकीला लावतात ती नायलॉनची जाळी ताणून बसवली, दुसरी तशीच रिकामी. रिकामी चौकट जाळीवर ठेवायची, पानाची कड तिच्यामुळे ठरते. पहिल्या खेपेला दोन गोष्टी बिघडल्या. स्टेपलरच्या पिना मारल्या होत्या, त्या गंजल्या आणि कडेला तांबूस ठिपके उमटले. आणि जाळी ढिली होती. ढिल्या जाळीत मधोमध पाण्याचं तळं साचतं, लगदाही तिथेच गोळा होतो, पान मध्ये जाड आणि कडेला विरविरीत. आता जाळी बोटाने वाजवून बघते, डफासारखी टणत्कारली पाहिजे. चौकटीच्या लाकडाला वॉर्निशचे दोन हात दिले, नाहीतर सांधे पाण्याने सुटतात. हेही ज्यांना जमवायचं नसेल त्यांनी भरतकामाची गोल रिंग घ्यावी, तिच्यात जाळी ताणावी. पानं गोल होतील, पण आजच होतील.

मिक्सरचं भांडं मात्र वेगळं हवं, आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही. मूठभर भिजलेला कागद, भांडंभर पाणी, तीस सेकंद. सुरुवातीला मी लगदा मऊ व्हावा म्हणून दोन-दोन मिनिटं फिरवायची. पान दिसायला सुरेख व्हायचं आणि घडी घातली की मोडायचं. मिक्सरचं पातं तंतू कापतं. कारागीर तंतू कुटतात, म्हणजे लांबी राखून त्यांना विसकटतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये ‘हॉलंडर’ नावाचं यंत्र आलं, त्यातलं दातेरी चाक चिंध्या पाण्यातून फिरवत फिरवत हेच करायचं, आणि आजही हातकागदाच्या कार्यशाळांत ते चालतं. आपल्या घरी ते नाही. म्हणून आपण कमी फिरवायचं, आणि लगद्यात एखादा न विरलेला अक्षराचा तुकडा राहिला तर राहू द्यायचा. माझ्या एका पानात ‘उत्त’ एवढंच वाचता येतं. उत्तर असेल किंवा उत्तम.

आता तो तास, ज्याच्यासाठी हे सगळं. बुधवारी रात्री, जेवणं आवरून झाल्यावर. टब ओट्यावर, शेजारी दुमडलेला टॉवेल, त्यावर ओलं सुती कापड. हात पाण्यात घालून तळापासून ढवळायचं, कारण तंतू सतत खाली बसतात. साचा उभा धरून पलीकडच्या कडेने पाण्यात घालायचा, पाण्याखाली आडवा करायचा आणि सपाट वर घ्यायचा. वर येताना तो जड लागतो, पाण्याने हात धरून ठेवल्यासारखा. पुढचे तीन-चार सेकंद महत्त्वाचे. पुढे-मागे एक हलका हेलकावा, मग डावीकडे-उजवीकडे. तंतू एकमेकांत आडवे-उभे अडकतात ते याच वेळात. यंत्राच्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेला असतात, म्हणून तो एका बाजूने सरळ फाटतो आणि दुसऱ्या बाजूने वेडावाकडा. हाताच्या कागदाला अशी दिशा फारशी नसते.

मग थांबायचं. जाळीखालून आधी धार लागते, मग थेंब. वर पांढरट पाण्याचा थर चकाकत असतो. बघता बघता ती चकाकी एका कोपऱ्यातून मावळायला लागते, सावली सरकावी तशी पानभर पसरते, आणि समोर असते ती ओलसर, अपारदर्शक, सायीसारखी गोष्ट. एका क्षणापूर्वी ते पाणी होतं. मी शंभराहून जास्त वेळा हे बघितलं असेल. अजूनही त्या क्षणी मी बोलत नाही, आणि हे कळल्यापासून मुलगीही बोलत नाही.

वरची चौकट उचलताना तिच्या कडेवरचा थेंब पानावर पडू द्यायचा नाही. पडला तर तिथे खळगा होतो. इंग्रजीत या डागांना कागद करणाऱ्याचे अश्रू म्हणतात. मग साचा ओल्या कापडावर कडेने टेकवायचा, पालथा घालत दाबायचा आणि दुसऱ्या कडेने उचलायचा. पान कापडावर राहतं. त्यावर दुसरं कापड, त्यावर पुढचं पान. दर दोन-तीन पानांनी टबात लगद्याची भर घालावी लागते, कारण प्रत्येक पान आपल्यासोबत तंतू घेऊन जातं आणि मागाहूनची पानं पातळ होत जातात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशीचं दहावं पान कापडावरून निघालंच नाही.

या कापडांसाठी मी एक जुनी सुती चादर फाडली. धुऊन धुऊन मऊ झालेली, निळ्या काठाची. तिचे बारा तुकडे झाले. त्यातल्या एकावर रफू होतं, आईने कधीतरी केलेलं, उभे-आडवे दाट टाके, दोन बोटांएवढी जागा. त्या तुकड्यावर उतरवलेल्या पानाला तिथे खरखरीत चौकोन उमटायचा. पान खराब दिसतं म्हणून मी तो तुकडा गठ्ठ्यात तळाशी घालायला लागले, तिथे जे पान येईल ते आपलं कच्चं, टिपणाला.

दोन फळ्यांमध्ये गठ्ठा घालून आधी त्यावर उभं राहायचं. पाणी भळाभळा निघतं, म्हणून हे न्हाणीघरात. मग रात्रभर पाण्याने भरलेले डबे वर ठेवायचे. सकाळी पानं कापडासकट सोडवायची आणि खिडकीच्या काचेवर पानाची बाजू टेकवून, कापडावरून हाताने घासून चिकटवायची. कापड सोलून काढलं की पान काचेवर राहतं. दोरीवर मोकळं वाळवलं तर ते आक्रसताना वेडंवाकडं मुडपतं. काच त्याला धरून ठेवते. त्या दोन दिवसांत आमच्या बैठकीत उजेड गाळून येतो. पूर्ण वाळलं की पान आपणहून कोपऱ्यातून सुटतं. काचेकडची बाजू गुळगुळीत असते, दुसऱ्या बाजूला चादरीची वीण.

काचेवरच्या पानांमधून येणारा उजेड बघून मुलीला जलचिन्हाची गोष्ट सांगितली. इटलीतल्या फाब्रियानोच्या कारागिरांनी साच्याच्या जाळीवर तारेची आकृती बांधली. तारेवर लगदा पातळ बसतो, आणि पान उजेडात धरलं की आकृती दिसते. १२८२ सालच्या कागदावरही अशी खूण सापडते. तिने दुसऱ्याच दिवशी तांब्याची बारीक तार वाकवून आपल्या नावाचं पहिलं अक्षर केलं, दोऱ्याने जाळीला बांधलं. पहिल्यांदा अक्षर उलटं आलं. मग तिने स्वतःच विचार करून तार पालथी बांधली. त्या आठवड्यातल्या प्रत्येक पानात तिचं अक्षर आहे.

अडचणींपैकी दोनच सांगते, कारण त्या टाळता येतात. उरलेलं पाणी मी एकदा सरळ मोरीत ओतलं. लगदा नळीत जाऊन बसला आणि दोन दिवस घरातल्या सगळ्यांना त्याचा त्रास झाला. आता प्रत्येक थेंब कापडातून गाळून मगच ओतते. उरलेल्या लगद्याचे गोळे पिळून उन्हात वाळवते, पुढच्या खेपेला पुन्हा भिजवते. दुसरी गोष्ट वासाची. ओला लगदा उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत आंबतो. भिजवण त्याहून जास्त राहणार असेल तर पाणी बदलायचं. घर सगळ्यांचं आहे. आपल्या आवडीचा वास इतरांना सोसावा लागू नये, एवढं पथ्य पाळलं तर बादली बेसिनखाली टिकते.

झाडापासून कागद करायचं मात्र मी बाजूला ठेवलं आहे. केळीचं खोड किंवा गवत सोडाखारात तास-दोन तास शिजवावं लागतं. स्टीलच्या वेगळ्या भांड्यात, कारण खार ॲल्युमिनियम खातो, आणि तेही हवेशीर जागी. आईला धाप लागते, त्या घरात हे नको. पुढे कधीतरी.

या कागदावर लिहायचं असेल तर त्याला खळ हवी. नुसत्या पानावर शाईचं पेन टेकवलं की अक्षराला मुळं फुटतात. युरोपात वाळलेली पानं जिलेटिनच्या पाण्यात बुडवत. अरबी-फारसी जगात पिष्टाची खळ देऊन दगडाने घोटत, इतकं की बोरू सरसर चालावा. मी पातळ खळ ब्रशने देते, पान पुन्हा वाळवते आणि चमच्याच्या पाठीने घोटते. दहा मिनिटं एका पानाला. हे मी टीव्हीसमोर आईजवळ बसून करते, तिला तो घासण्याचा आवाज आवडतो.

आईला आता बारीक दिसत नाही. सुई ओवणं कधीच सुटलं. मागच्या महिन्यात मी घोटून झालेली पानं तिच्या मांडीवर ठेवत होते आणि ती एकेक पान हाताने चाचपून बाजूला लावत होती. गुळगुळीत बाजू, विणीची बाजू. एका पानाशी तिचा हात थांबला. बोटं मागे फिरली, पुन्हा त्याच जागी आली. उभी, मग आडवी.

“हे माझं रफू आहे,” ती म्हणाली. आणि मग, जरा वेळाने, “ती निळ्या काठाची चादर फाडलीस होय?”

मी हो म्हटलं. तिने ते पान इतरांमध्ये ठेवलं नाही. मुलीला हाक मारून पेन आणायला सांगितलं, पानावर काय लिहायचं ते तिच्या कानात सांगितलं. मला ते अजून दाखवलेलं नाही. तो तुकडा मी आता गठ्ठ्यात सगळ्यात वर घालते.